ट्रोम्सो ते लाँगइयरब्येन: ९५७ किलोमीटर, पावणेदोन तास आणि न छापलेला हिशेब

नॉर्वेच्या मुख्य भूमीवरून स्वालबार्डला, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या नॉर्वेच्या बेटसमूहाला, नेणारी सगळ्यात आखूड नियमित विमानसेवा ट्रोम्सोहून सुटते. ट्रोम्सो (विमानतळाची खूण टीओएस) ६९.७ अंश उत्तरेला, स्वालबार्डचं मुख्य गाव लाँगइयरब्येन (एलवायआर) ७८.२५ अंशांवर. मधलं अंतर ९५७ किलोमीटर आणि वेळापत्रकातली वेळ साधारण १ तास ३५ ते ४५ मिनिटं. निकाल आधीच सांगून टाकावा: नुसतं उड्डाण म्हणून ही सेवा चोख आहे, पण तिला चिकटून पुढचं-मागचं विमान बेतणं म्हणजे जुगार. अंतर आणि वेळ सांगणारी संकेतस्थळं हा जुगार दाखवत नाहीत, कारण त्याचं कारण किलोमीटरमध्ये नाही. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांना त्यात व्हिसाचा एक खोडा आहे, आणि तो विमानात बसण्याआधीच आडवा येतो.

आधी आकड्यांकडे बघू. ९५७ हा आकडा पृथ्वीला गुळगुळीत गोल मानून काढलेला आहे. दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेतले आणि मधला सर्वांत छोटा वर्तुळखंड मोजला की तो येतो. पृथ्वी ध्रुवांकडे थोडी चपटी असल्यामुळे या भागात अक्षांशाचा एक अंश सरासरीपेक्षा किंचित लांब भरतो, १११.२ ऐवजी १११.६ किलोमीटर. म्हणून नेमकं मोजणारी साधनं ९६१ दाखवतात. दोन संकेतस्थळांवर चार किलोमीटरचा फरक दिसला तर कुणी चुकलंय असं समजू नका, दोघांनी पृथ्वीचा आकार वेगळा धरलाय एवढंच. सागरी मैलांत हे अंतर ५१७ ते ५१९.

फोनवरचा सपाट नकाशा मात्र पार फसवतो. मर्केटर पद्धतीच्या नकाशात उत्तरेकडे गेलं की सगळं ताणलं जातं. ट्रोम्सो आणि लाँगइयरब्येनमधली ही रेघ तिथे काश्मीरच्या उत्तर टोकापासून कन्याकुमारीपर्यंतच्या रेघेइतकी लांब दिसते. प्रत्यक्षात हे अंतर मुंबई–नागपूरपेक्षा जास्त आणि मुंबई–दिल्लीपेक्षा कमी आहे. ‘इतकं लांब आहे, तर तिकीट ऑस्लोहून काढावं की ट्रोम्सोहून’ हा प्रश्न बऱ्याचदा नकाशा बघूनच पडतो. ऑस्लोहून थेट लाँगइयरब्येन सुमारे २,०१० किलोमीटर आहे आणि तीन तासांच्या आत-बाहेर लागतात. ऑस्लो–ट्रोम्सो आणि ट्रोम्सो–लाँगइयरब्येन असे दोन तुकडे केले तर बेरीज जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरने वाढते, कारण ट्रोम्सो जवळजवळ वाटेवरच आहे. वेळ मात्र मधल्या थांब्यामुळे दीड-दोन तासांपासून एका आख्ख्या रात्रीपर्यंत कितीही वाढू शकते.

वेळेचा अंदाज बहुतेक गणकयंत्रं एकाच सूत्राने काढतात: अंतराला ताशी ८०० ते ८५० किलोमीटरने भागायचं आणि चढ-उतारासाठी अर्धा तास मिळवायचा. या मार्गाला ते बऱ्यापैकी लागू पडतं. ९५७ ला ८५० ने भागलं की ६८ मिनिटं, त्यात ३० मिळवली की १ तास ३८ मिनिटं, म्हणजे वेळापत्रकाच्या जवळ. समोरून ताशी ५० किलोमीटरचा वारा लागला तरी पाचेक मिनिटंच वाढतात. आखूड मार्गांवर हेच सूत्र कोसळतं. स्वालबार्डमध्येच लाँगइयरब्येन ते नी-ऑलेसुंद हे अंतर ११० किलोमीटर आहे. सूत्र तिथे ३८ मिनिटं सांगतं, पण छोटं पंख्याचं विमान वीस-पंचवीस मिनिटांत पोचतं. ते फार उंच चढतच नाही, मग चढ-उताराचा अर्धा तास कुठून लागणार? आणखी एक नमुना उत्तर नॉर्वेतलाच: किर्केनेस ते वाडसो हवेतून ३८ किलोमीटर, रस्त्याने वारांगर फियॉर्डला (डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या खाडीला) वळसा घालून सुमारे १७५. अशा ठिकाणी गणकयंत्राने दिलेली वेळ बघण्यात अर्थ नाही, विमान कंपनीचं वेळापत्रकच उघडायचं. काही संकेतस्थळं स्वालबार्डलाही ‘गाडीने अंतर’ असा रकाना भरून देतात. मुख्य भूमीवरून तिथे रस्ता नाही, आणि बेटावरही एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत जायला रस्ता नाही.

वेळेचा पट्टा दोन्हीकडे एकच, नॉर्वेचा. हिवाळ्यात भारतापेक्षा साडेचार तास मागे, उन्हाळ्यात साडेतीन. तिकिटावरची सुटायची आणि पोचायची वेळ थेट वजा केली तरी चालते.

आता खरी गोम. लाँगइयरब्येनला उतरता आलं नाही तर विमान जाणार कुठे? स्वालबार्डमध्ये जेट विमान उतरेल अशी दुसरी धावपट्टी नाही. नी-ऑलेसुंदची पट्टी खडीची आहे आणि ८०८ मीटरची. बारेन्ट्सबर्गला हेलिकॉप्टरचा तळ आहे. स्वेआ इथली कोळशाची खाण बंद झाली आणि तिथली धावपट्टीही गेली. वाटेतलं ब्यॉर्नोया बेट म्हणजे हवामान केंद्र आणि खडक. म्हणून पर्यायी विमानतळ पुन्हा मुख्य भूमीवरच धरावा लागतो, म्हणजे ट्रोम्सो किंवा त्याच्या दक्षिणेचा एखादा. ९५७ किलोमीटरच्या प्रवासाला विमान जाण्याचं, वर घिरट्या घालण्याचं, पुन्हा परत यायचं आणि त्यावर राखीव असं सगळं इंधन घेऊन निघतं. थोडक्यात, छापलेल्या अंतराच्या दुपटीहून जास्त. प्रवाशाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की हवा बिघडली तर विमान ‘जवळच कुठेतरी’ उतरून बसने पोचवत नाही. एकतर ते ट्रोम्सोहून सुटतच नाही, नाहीतर स्वालबार्डच्या आकाशात जाऊन, धुकं बघून, तीन-साडेतीन तासांनी प्रवाशांना निघाल्या जागी आणून सोडतं.

बिघडतं काय, ते ऋतूप्रमाणे बदलतं. उन्हाळ्यात मुख्य त्रास धुक्याचा आणि खाली लोंबणाऱ्या ढगांचा. थंड समुद्रावरून ओलसर हवा सरकत इस्फियॉर्डमध्ये शिरते आणि धावपट्टी पाण्याला लागूनच आहे, समुद्रसपाटीपासून २८ मीटरवर. हिवाळ्यात बर्फाचा मारा आणि आडवा वारा. दोन्ही बाजूंना डोंगर असल्यामुळे येण्याची वाट अरुंद आहे: एकतर पश्चिमेकडून इस्फियॉर्डवरून, नाहीतर पूर्वेकडून आडव्हेंटडालेन दरीतून. ही दरीची वाट किती निष्ठुर आहे ते २९ ऑगस्ट १९९६ ला दिसलं. व्नुकोव्हो एअरलाइन्सचं टुपोलेव्ह-१५४ पूर्वेकडून उतरताना ओपेराफियेलेट डोंगरावर आदळलं आणि विमानातले सगळे १४१ जण गेले. नॉर्वेच्या भूमीवरचा तो आजवरचा सर्वांत मोठा विमान अपघात. आज वैमानिक हवा पुरेशी मोकळी नसेल तर सरळ मागे वळतात. त्याबद्दल कुरकुर करणाऱ्या अभिप्रायांना फार किंमत देऊ नये.

ट्रोम्सोच्या बाजूने हिवाळ्यात होणारा उशीर बहुतेक वेळा पंखांवरचा बर्फ काढण्यामुळे. आधी गरम, नारिंगी द्रव मारून जमलेला बर्फ वितळवतात. बर्फ पडतच असेल तर वरून हिरवा, दाट द्रव मारतात, तो नवा बर्फ धरू देत नाही. पण हिरव्या थराला मुदत असते, आणि बर्फाचा जोर वाढला की ती मुदत झपाट्याने घटते. धावपट्टी साफ होईपर्यंत रांगेत उभं राहिलं आणि मुदत टळली की पुन्हा फवारणी. एका फेरीला दहा ते वीस मिनिटं धरा. एवढ्याने पुढचं काही बिघडत नाही. बिघडतं ते विमान रद्द झालं की, कारण या मार्गावर दिवसाला बहुधा एखादंच विमान असतं, काही वारी तेही नसतं आणि फेऱ्या हंगामाप्रमाणे कमी-जास्त होतात. आजचं गेलं की उद्याचं, आणि उद्याचं भरलेलं असलं तर परवाचं.

सेवा देणाऱ्या कंपन्या मुख्यतः दोन, एसएएस आणि नॉर्वेजियन. एकीकडे एअरबस ए३२० घराण्याची विमानं, दुसरीकडे बोईंग ७३७. आसनात किंवा पायाला मिळणाऱ्या जागेत फरक शोधण्यात वेळ घालवू नका, फेरीची वेळ आणि सामानाचा नियम बघून तिकीट काढा. सगळ्यात स्वस्त तिकिटात नोंदवायची बॅग धरलेली नसते आणि इथे जाताना बॅग जड होतेच. लोकरी कपडे, जाड तळव्याचे बूट आणि बाहेरचं जॅकेट मिळून सहज बारा-पंधरा किलो होतं. जॅकेट, टोपी आणि हातमोजे नोंदवलेल्या बॅगेत अजिबात टाकू नयेत. लाँगइयरब्येनला विमानाला जोडणारी बंद वाट नाही. शिडीने उतरून उघड्यावरून चालत इमारतीत जायचं असतं, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तेवढं अंतरही अंगावर येतं. स्वालबार्डला येणाऱ्या पाहुण्यांकडून १५० क्रोनर पर्यावरण शुल्क घेतलं जातं, पण ते तिकिटातच असतं, वेगळं भरायला कुठे जावं लागत नाही.

विमानातल्या वायफायवर भिस्त ठेवून कामाची बैठक लावू नका. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर असतात. ७८ अंशांवरून बघितलं तर ते क्षितिजाच्या वर जेमतेम तीन अंश दिसतात, त्यामुळे त्यांच्यावर चालणारी जोडणी प्रवासाच्या उत्तरार्धात रडत रडत चालते. गंमत म्हणजे खाली उतरल्यावर इंटरनेट झकास. २००४ पासून मुख्य भूमीवरून समुद्रतळाने टाकलेली फायबर केबल आहे. विमानतळाच्या वरच्या प्लाटोबेर्गेट पठारावर ध्रुवीय कक्षेतल्या उपग्रहांची माहिती उतरवून घेणारं स्वालसॅट केंद्र आहे, आणि ती माहिती बाहेर धाडायलाच केबल टाकली.

खिडकी कुठली घ्यावी? मार्ग जवळपास सरळ उत्तरेला, पाचेक अंश पश्चिमेकडे झुकलेला. सुटल्यावर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी ब्यॉर्नोया येतं, सरळ रेषेच्या साधारण ४५ किलोमीटर पूर्वेला, म्हणजे उजवीकडे. पण ते बहुतेक वेळा ढगाखाली असतं, तेवढ्यासाठी उजवी खिडकी घेऊ नये. डावी घ्यावी. पूर्वेकडून उतरलं तर डावीकडे गाव आणि त्यामागचा डोंगर दिसतो, पश्चिमेकडून उतरलं तर डावीकडे इस्फियॉर्ड पसरलेला असतो. त्याआधी स्पिट्सबर्गन या मुख्य बेटाच्या दक्षिण टोकापासून हिमनद्यांवरून पंधरा-वीस मिनिटं जातं, आणि हवा मोकळी असेल तर तिकिटाचे पैसे तिथेच वसूल होतात. हे सगळं उजेड असला तर. २६ ऑक्टोबरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत लाँगइयरब्येनला सूर्य क्षितिजावर येत नाही, आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारी अखेरपर्यंत दुपारीही काळोख. त्या दिवसांत मधलं आसन मिळालं तरी बिघडत नाही. उलट साधारण २० एप्रिल ते २३ ऑगस्ट सूर्य मावळतच नाही, त्यामुळे मध्यरात्रीनंतर पोचणारं विमानही चांगलं; फक्त तशा वेळी उतरलं तर खोली मिळेल का, हे हॉटेलला आधी विचारून ठेवा.

आता पासपोर्ट. स्वालबार्ड नॉर्वेच्या सार्वभौमत्वाखाली असलं तरी शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. ९ फेब्रुवारी १९२० ला झालेल्या कराराने या बेटांना वेगळा दर्जा मिळाला. राहायला-काम करायला व्हिसा लागत नाही, असं जे लोक सांगतात ते खरं आहे. पण तिथे पोचायची नियमित विमानं नॉर्वेतूनच जातात आणि नॉर्वे शेंगेनमध्ये आहे. ट्रोम्सोहून निघताना पासपोर्ट तपासला जातो आणि कागदोपत्री तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडता. परत आलात की तो नवा प्रवेश. म्हणून भारतीय पासपोर्टवर किमान दोन प्रवेशांचा शेंगेन व्हिसा हवाच. एका प्रवेशाचा असेल तर तो ट्रोम्सोच्या खिडकीवर संपला. कंपनी विमानात चढू देणार नाही, किंवा चढू दिलं तर परतीचं अवघड. अर्जात ‘किती प्रवेश’ या रकान्यात दोन किंवा अनेक असं लिहा आणि कार्यक्रमपत्रिकेत स्वालबार्डच्या तारखा स्पष्ट दाखवा. व्हिसा हातात आला की सगळ्यात आधी प्रवेशांचा आकडा वाचा, नाव नंतर. ऑस्लोहून थेट गेलात तरी नियम हाच, फक्त तपासणी ऑस्लोला.

ऑस्लोहून निघून ट्रोम्सोमार्गे जाणाऱ्या काही फेऱ्यांत विमान तेच असतं, तरी ट्रोम्सोला सगळ्यांना हातातल्या सामानासकट उतरवून पासपोर्ट तपासून पुन्हा चढवतात. ‘आपण इथे उतरायचं नाही’ असं समजून बसून राहू नये. तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर बॅग घ्या, पुन्हा द्या, सुरक्षा तपासणी, मग पासपोर्टची रांग. या सगळ्याला तीन तास हाताशी हवेत. एकाच तिकिटावर असाल तर दीड तास पुरतो, आणि मागचं विमान चुकलं तरी पुढचं बघायची जबाबदारी कंपनीची राहते. थोडे पैसे जास्त गेले तरी या मार्गावर एकच तिकीट घ्यावं. परतताना स्वालबार्ड हा करमुक्त प्रदेश असल्यामुळे मुख्य भूमीवर सीमाशुल्क आडवं येतं. चेक-इनच्या वेळी बॅगेला टॅग कुठपर्यंतचा लागलाय ते विचारा, मध्येच बॅग उचलून सीमाशुल्काच्या हिरव्या वाटेने (जाहीर करण्यासारखं काही नसणाऱ्यांच्या) बाहेर नेऊन परत द्यावी लागू शकते. बोर्डिंग पास मुक्काम संपेपर्यंत जपून ठेवा, गावात दारू घ्यायची असेल तर पाहुण्यांना प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं.

मुंबईहून निघणाऱ्यांसाठी हिशेब असा. आखाती देशांतून किंवा इस्तंबूलहून आलात तर शेंगेनमधला प्रवेश ऑस्लोला नोंदला जातो, फ्रँकफर्टहून आलात तर तिथेच. पहिल्या दिवशी ऑस्लो गाठायचं, रात्र काढायची, दुसऱ्या दिवशी उत्तरेला निघायचं. परतीला लाँगइयरब्येन सोडल्यावर मुंबईचं विमान त्याच दिवशीचं कधीच ठेवू नये. मध्ये एक पूर्ण दिवस मोकळा असावा, जहाजाची सहल धरायची असेल तर जातानाही. सहलीचं जहाज विमानासाठी थांबत नाही. हाताशी चारच दिवस असतील तर ट्रोम्सोचा नाद सोडून ऑस्लोहून थेट विमान घ्या. ट्रोम्सोमार्गे जाण्यात अर्थ आहे तो ट्रोम्सोलाही दोन रात्री काढायच्या असतील तर. मग रद्द झालेलं विमान निदान चांगल्या गावात रद्द होतं.

लाँगइयरब्येनचा विमानतळ १९७५ चा. त्याआधी हिवाळ्यात विमानं आडव्हेंटडालेनमधल्या गोठलेल्या जमिनीवर उतरायची आणि उन्हाळ्यात बोट. आजची धावपट्टी कायम गोठलेल्या जमिनीवर बांधलेली आहे, वरचा थर उन्हाळ्यात वितळून डांबराला उंचवटे येतात आणि दुरुस्ती चालूच असते. उतरताना दोन-चार दणके बसले तर दोष वैमानिकाला देऊ नका. गाव पाचेक किलोमीटरवर, बस प्रत्येक विमानाला जोडून असते आणि हॉटेलांच्या दारात सोडते. सामान पट्ट्यावर यायला उशीर झाला तरी बस थांबते, त्यामुळे टॅक्सीसाठी धावायची गरज नाही.

इथून पुढे ज्यांना नी-ऑलेसुंदला जायचंय त्यांच्यासाठी थोडं. भारताचं ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र तिथे १ जुलै २००८ पासून आहे आणि ते चालवतं गोव्यातलं, वास्कोच्या हेडलँड सडा इथलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. डिसेंबर २०२३ पासून भारतीय तुकड्या हिवाळ्यातही तिथे जातात. ही ११० किलोमीटरची फेरी डॉर्नियर २२८ विमानाने होते, ज्याचं भारतीय उत्पादन हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कानपूर कारखान्यात होतं. या फेरीचं तिकीट संकेतस्थळावर मिळत नाही. वस्ती सांभाळणारी किंग्ज बे ही कंपनी जागा देते, आणि ती कामावर येणाऱ्यांना. पर्यटकांनी जहाजाने यावं. फेऱ्या आठवड्याला मोजक्याच, त्याही हवा बघून. म्हणून वीस-पंचवीस मिनिटांच्या उड्डाणासाठी लाँगइयरब्येनला दोन रात्री राखून ठेवाव्यात. उपकरणांच्या पेट्या असतील तर वजन आणि मापं आधी कळवावी लागतात. छोट्या विमानात माणसं आणि पेट्या एकाच वजनातून जातात, ऐनवेळी वाढलेली पेटी पुढच्या फेरीला राहते. आणि नी-ऑलेसुंदच्या २० किलोमीटर परिसरात रेडिओ लहरींवर निर्बंध आहेत, कारण तिथल्या रेडिओ दुर्बिणींना दुसऱ्या लहरींचा अडथळा होतो. फोन, लॅपटॉप, घड्याळ, कानातले, सगळ्यांचं वायफाय आणि ब्लूटूथ लाँगइयरब्येनलाच बंद करून विमानात चढायचं. बॅगेत चालू राहिलेलं घड्याळ हमखास विसरलं जातं.